अर्ध्यावर थांबलेली मांडी

१

यंत्राचं पातं फोमच्या ठोकळ्यात रुतलं आणि तिथेच थांबलं. शेजारच्या टेबलावरचा कॉम्प्युटर काळा पडला. पंख्याची घरघर बंद झाली, आणि खोलीत इतकी शांतता पसरली की रॉकेलच्या शेगडीवरच्या किटलीची वाफ ऐकू यायला लागली.

काचेच्या अलीकडे बाकावर बसलेल्या धन्नूनने कुबडी फरशीवर आपटली.

ही तिसरी वेळ होती. त्या पांढऱ्या ठोकळ्यातून त्याची मांडी कोरून निघायची होती, म्हणजे पाय गेल्यावर जेवढी उरली तेवढीचा हुबेहूब साचा. त्या साच्यावर प्लास्टिकची खोळ चढवायची, खोळीला पाय जोडायचा, की धन्नून पुन्हा मोसुलच्या रस्त्यांवर चालायला मोकळा. युद्ध संपल्यावर तो जुन्या शहरातलं आपलं घर बघायला गेला होता. दारामागे कोणीतरी काहीतरी ठेवून गेलं होतं. त्यात डावा पाय गेला. पहिला कृत्रिम पाय काही वर्षं चालला, मग मांडी सुकली, खोळ घासायला लागली, जखम चिघळली. आता तो कुबड्यांवर होता आणि कुबड्यांचा त्याला जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त राग होता.

आत वसन उभी होती. यंत्र चालवणारी तंत्रज्ञ. तिने पातं हलवून बघितलं, मग ठोकळा सोडवून कोपऱ्यात टाकला. तिथे तसेच आणखी ठोकळे पडले होते, अर्ध्या मांड्या, अर्धी पोटरी, एका लहान मुलीचा अर्धा दंड.

"पुन्हा?" धन्नून दारातून ओरडला. "पोरी, तू माझं माप घेतेस की मस्करी करतेस?"

वसन काही बोलायच्या आत मागून डॉ. मुवफ्फक आले. कृत्रिम हातपाय बनवणारं हे सरकारी केंद्र त्यांच्या हाताखाली चालायचं. काळा सूट, पॉलिश केलेले बूट, आवाज नेहमी खालच्या पट्टीत.

"अबू हारिस, मी माफी मागतो," ते म्हणाले. हारिस हा धन्नूनचा थोरला, आणि अबू हारिस म्हणजे हारिसचा बाप. बरोबरीचे लोक त्याला त्याच नावाने हाक मारत. "मी हिला किती वेळा सांगितलं, टेबलाखाली पाय पसरून बसू नकोस, वायरला धक्का लागतो. आता पुरे झालं. वसन, उद्यापासून तुझं काम बंद. निष्काळजीपणाने केंद्राचं नुकसान केलं, असं मी आरोग्य संचालनालयाला कळवतोय."

"साहेब, मी कशालाही हात लावला नव्हता," वसन म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते.

"मग काय भुताने बंद केला?" डॉक्टर धन्नूनकडे वळले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही असं करा. नदीपलीकडे माझं खासगी क्लिनिक आहे. तिथे असंच यंत्र आहे. आठवड्यात पाय घालून घरी जाल."

ते गेले. धन्नून तसाच उभा राहिला. क्षणापूर्वी तोही त्या पोरीवरच भडकला होता. पण त्याची सगळी नोकरी पोलिसांच्या गुन्हे तपासात गेली होती, आणि आपण काय पाहिलं हे रागातही विसरायचं नाही, ही एक सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

यंत्र थांबलं तेव्हा वसन खिडकीपाशी उभी होती. हातात चहाचा पेला होता. टेबल तिच्यापासून चांगलं लांब होतं.

डॉक्टर तेव्हा खोलीत नव्हते. तरीही वायरला धक्का लागला हे त्यांना आल्या आल्या ठाऊक होतं.

२

दुसऱ्या दिवशी धन्नून सकाळीच हजर झाला. पायासाठी नव्हे. बाकावर बसला, कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि सरमदला हाक मारली.

सरमद केंद्रातला जुना कारागीर. हाताने प्लास्टर लावून साचे करायचा. यंत्र आल्यापासून त्याच्याकडे फक्त दुरुस्तीची कामं उरली होती, आणि यंत्र बंद पडलं की तो शीळ घालायचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

"यंत्र मेलं की तुला काम मिळतं," धन्नून सरळ म्हणाला.

"मिळतं," सरमद म्हणाला. "आणि मला आनंद होतो. पण अबू हारिस, मी मारणार असतो तर हातोडा घेऊन मारलं असतं. रोज थोडं थोडं मारायला मला कुठे येतं?"

"काल तू कुठे होतास?"

"प्लास्टर कालवत होतो. कोपरापर्यंत हात भरलेले होते. त्या हाताने मी जिथे जाईन तिथे पांढरा ठसा राहील. शोधा."

धन्नूनने खरोखरच शोधला. टेबलावर, वायरवर, बटणावर, कुठेही बोटांचा ठसा नव्हता.

मग घानिम. केंद्राचं भांडार आणि वीज दोन्ही त्याच्याकडे. बारीक, सतत किल्ल्या खुळखुळवणारा माणूस.

"जनरेटरवाल्याचा दोष आहे, हाजी," घानिम म्हणाला. "सरकारी वीज गेली की गल्लीतला जनरेटर चालू होतो. त्याची वीज कधी जास्त, कधी कमी. कॉम्प्युटरला सोसत नाही."

"मग एक टेबललॅम्प आण."

"लॅम्प कशाला?"

"आण म्हटलं ना."

धन्नूनने लॅम्प कॉम्प्युटरच्याच बोर्डात लावायला सांगितला आणि वसनला बोलावणं धाडलं. काम बंद असलं तरी ती फाटकाबाहेर, कामावरून काढल्याच्या कागदाची वाट बघत उभीच होती. पण यंत्र तिने चालवायचं नाही, असं त्याने बजावलं. "तू माझ्याशेजारी बाकावर बस. हात मांडीवर ठेव. सरमद बटण दाबेल."

"मी?" सरमद म्हणाला. "त्या डब्याला मी शिवतसुद्धा नाही."

"आज शिवशील."

रद्दीतला एक ठोकळा लावला. सरमदने वसनच्या सांगण्यावरून यंत्र चालू केलं. पातं फिरलं, पडद्यावर मांडीचं चित्र गरगर फिरायला लागलं. सगळे लॅम्पकडे बघत होते. आणि कॉम्प्युटर काळा पडला.

लॅम्प तसाच जळत होता. मिणमिणलासुद्धा नाही.

"जनरेटरवाला सुटला," धन्नून म्हणाला.

बॅटरीचा यूपीएस मधून काढला, कॉम्प्युटर थेट भिंतीत लावला. पुन्हा तेच. दुसरी वायर लावली. पुन्हा तेच. मग सरमद म्हणाला, तापत असेल. धन्नूनने सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. जानेवारीतला मोसुलचा वारा आत घुसला, शेगडीची ज्योत आडवी झाली, लोकांनी कोट गुंडाळले. गारठलेला कॉम्प्युटर चालू केला, पातं फिरलं आणि तो काळा पडला.

"तापही नाही," धन्नून म्हणाला. "आणि ही पोर माझ्या डोळ्यांसमोर बाकावर बसलीय. घानिम, बघितलंस ना?"

घानिमने मान हलवली. त्याच्या किल्ल्यांचा आवाज मात्र थांबला होता.

धन्नून वसनकडे वळला. "याच कॉम्प्युटरवर तू पत्रं लिहितेस, नावं भरतेस. तेव्हा बंद पडतो?"

"नाही. दिवसभर चालतो."

"मग कोरतानाच का?"

वसनने थोडा विचार केला. ती रागात होती, पण प्रश्न तिच्या कामाचा होता आणि कामाच्या प्रश्नाला ती सरळ उत्तर द्यायची. "कोरताना आकार पडद्यावर फिरतो. त्यासाठी आत मोठं कार्ड बसवलंय. ते चालायला लागलं की वीज खूप ओढतं. तेवढी मिळाली नाही तर सगळंच बंद."

"आत वीज देतो कोण?"

"मागचा पॉवर सप्लाय. हा एवढा लोखंडी डबा. पण तो चांगला आहे, काका. देणगीत आला तेव्हा मी स्वतः बघितला होता. याच्या दुप्पट काम असतं तरी पुरला असता. मी दोनदा अर्ज केला, उघडून बघू द्या. डॉक्टर म्हणाले, सील तुटलं तर हमी जाते."

"पहिल्यांदा बंद कधी पडला?"

"रंगकामासाठी केंद्र बंद होतं ना, ते उघडलं त्याच आठवड्यात."

"तेव्हा किल्ल्या कोणाकडे होत्या?"

घानिम उभा होता तिकडे ती बघायला लागली. सरमदही बघायला लागला. पण घानिम तिथे नव्हता.

३

तो भांडारात सापडला, पोत्यावर बसलेला.

"उठ," धन्नून म्हणाला. "स्क्रू-ड्रायव्हर घे."

"हाजी, डॉक्टरांच्या परवानगीशिवाय..."

"घानिम, काल एका पोरीचं काम गेलं. मी तुला अजून काहीही विचारलेलं नाही. विचारायला लावू नकोस."

घानिमने कॉम्प्युटरचं कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवलं. मागे हमीचं सील होतं, आणि धन्नूनने ते बोटाने चाचपलं. वरून अखंड दिसत होतं. कडेला मात्र पात्याने अलगद कापलेलं होतं आणि खाली पारदर्शक चिकटपट्टी लावून पुन्हा जोडलेलं.

"ज्या सीलसाठी तुला उघडू दिलं नाही," तो वसनला म्हणाला, "ते आधीच कोणीतरी कापलंय."

झाकण निघालं. आत सगळीकडे पांढरी भुकटी होती, वायरींवर, कार्डावर, पंख्यांच्या पात्यांवर. या खोलीत फोम आणि प्लास्टर दिवसरात्र उडायचं, ते आत जाऊन बसलेलं. घानिमने मागचा डबा सोडवला. चारपैकी एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा लांब होता, तो आटे घासत घासत निघाला.

वसनने डबा हातात घेतला आणि तिचा चेहरा बदलला.

"हलका आहे."

"म्हणजे?"

"चांगल्या डब्यात तांब्याची गुंडाळी असते, मोठे भाग असतात. वजन लागतं हाताला. हा तर रिकामा वाटतोय." ती धावत गेली. देणगीत असेच दोन कॉम्प्युटर आले होते, दुसरा नोंदणीच्या खोलीत होता. तिने कोणालाही न विचारता तो उघडला आणि त्याचा डबा घेऊन आली. "दोन्ही धरून बघा."

धन्नूनने बाकावर टेकून दोन्ही हातांत दोन डबे घेतले. डावा हात खाली गेला, उजवा वर राहिला. कंपनीचं लेबल दोन्हींवर तेच. हलक्या डब्यावरचं मात्र सुरकुतलेलं होतं आणि एक कोपरा फाटलेला, कुठूनतरी ओढून काढून इथे चिकटवल्यासारखं.

"चोरी," सरमद म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच मजा नव्हती.

"खरा डबा बाहेर गेला, लेबल मागे राहिलं," धन्नून म्हणाला. "आणि हा आला कुठून?"

त्याने डबा उजेडात धरला. जाळीतून आतला पंखा दिसत होता. पंख्यावर भुकटीचा थर होता. त्याने वसनकडून चिमटा घेतला, जाळीतून थोडी भुकटी ओढून काढली आणि तळहातावर झटकली.

भुकटी गुलाबी होती.

वसनने ती बोटाने चोळून बघितली. मग ती म्हणाली, "आपल्याकडे गुलाबी फोम कधी आलाच नाही, काका. आपले ठोकळे पांढरे. पहिल्या दिवसापासून पांढरे."

४

टॅक्सी पूल ओलांडत असताना धन्नूनने खिडकीतून नदीकडे बघितलं नाही. त्याला कोणता गुन्हेगार आवडत नसे, असं कोणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, खालच्या पट्टीत बोलणारा.

डॉक्टरांचं खासगी क्लिनिक चकाचक होतं. स्वागताच्या टेबलावर खजुराची बशी. टेबलामागची बाई अदबीने उठली.

"डॉक्टरसाहेबांनी पाठवलंय," धन्नून म्हणाला. ते खोटंही नव्हतं.

"या, काका, बसा. पायासाठी आलात ना? आठवड्यात होईल."

बाकांवर माणसं बसली होती आणि त्यांतली निम्मी त्याच्या ओळखीची निघाली. केंद्राच्या बाकावर ज्यांच्याबरोबर त्याने डाळीचं सूप पीत वाट पाहिली होती, तीच. जवळच्या खेड्यातला मेंढपाळ इदरीस त्याला बघून ओशाळला.

"माझा साचा दोनदा मोडला," इदरीस म्हणाला. "डॉक्टर म्हणाले इकडे ये. मेंढ्यांची वीण तोंडावर आहे, कुबडीवर मी काय करणार?"

धन्नूनने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढे गेला. आतलं दार उघडं होतं. यंत्र चालू होतं. पात्याखाली ठोकळा फिरत होता आणि त्यातून उडणारी गुलाबी भुकटी जमिनीवर, टेबलावर, चालवणाऱ्या माणसाच्या भुवयांवर साचली होती. कॉम्प्युटर शांतपणे चालला होता.

"छान चालतंय हो तुमचं," धन्नून स्वागतिकेला म्हणाला. "आमच्याकडचं सारखं बंद पडतं."

"अहो, आमचंही पडायचं," ती मोकळेपणाने म्हणाली. "कोरता कोरता बंद. गेल्या महिन्यात तर वैताग आला होता. मग डॉक्टरसाहेबांनी स्वतः दुरुस्त केलं. रात्री येऊन काहीतरी बदललं आणि त्यानंतर एकदाही नाही."

"तेव्हा आमच्या केंद्राचं रंगकाम चालू होतं," धन्नून म्हणाला.

"असेल बाई. चहा घेणार ना?"

"नको," धन्नून म्हणाला. त्याला वाटलं, पेला हातात घेतला तर तो भिंतीवर जाईल.

५

डॉ. मुवफ्फक केंद्रात आले तेव्हा वाट बघणारे रुग्ण नेहमीसारखे बाकांवर होते. मात्र एरवीसारखं कोणी उठून उभं राहिलं नाही. मधल्या टेबलावर उघडलेला कॉम्प्युटर आणि दोन डबे मांडून ठेवले होते.

"हे कोणी उघडलं?" डॉक्टर म्हणाले. "घानिम, मी काय सांगितलं होतं?"

"बसा, डॉक्टर," धन्नून म्हणाला.

"अबू हारिस, हे केंद्र आहे, पोलीस चौकी नाही."

"म्हणून तर मी बसा म्हणतोय." त्याने हलका डबा पुढे सरकवला. "हा तुमच्या क्लिनिकमधला. तिथे कोरताना कॉम्प्युटर बंद पडायचा. रंगकामात इथे कोणी नव्हतं, किल्ल्या तुमच्याकडे आणि घानिमकडे. तुम्ही इथला चांगला डबा नेला आणि हा बसवला. लेबल बदललंत, सील चिकटवलंत. पण आतली भुकटी झटकायची राहिली. ती गुलाबी आहे, आणि गुलाबी ठोकळे मी काल माझ्या डोळ्यांनी तुमच्याकडे बघून आलो."

"घानिमने बदलला असेल. त्याच्याकडेही किल्ली होती."

घानिम भिंतीला टेकून उभा होता. हे ऐकून तो पुढे आला.

"मी दार उघडून दिलं," तो म्हणाला. "साहेब म्हणाले, दोन दिवसांसाठी नेतोय. मी टॉर्च धरून उभा होतो. नंतर दोनदा आठवण करून दिली, तर म्हणाले, तुझी नोकरी कोणाच्या सहीने आहे ते आठव." त्याने वसनकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. "मी बोलायला हवं होतं."

"हो, हवं होतं," वसन म्हणाली.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली, आणि बसल्यावर त्यांचा आवाज पहिल्यांदा वर चढला. "ठीक आहे. नेला. एक डबा. त्याच्यावर एवढा तमाशा? या केंद्राला देणगी कोणी आणली? परदेशातल्या लोकांसमोर कोण हात पसरतो? मी गेलो तर उद्या इथे कुलूप लागेल, आणि मग बसा कुबड्या घेऊन. तिकडे लोकांचे पाय होतच होते ना? कोणाचं काय बिघडलं?"

बाकांवर कुजबुज झाली आणि थांबली. त्या धमकीत तथ्य होतं आणि ते सगळ्यांना कळत होतं.

धन्नून बोलणार होता. त्याच्या घशाशी शिव्या आल्या होत्या. पण वसन आधी उठली. कोपऱ्यातून तिने एक ठोकळा उचलला आणि डॉक्टरांच्या मांडीवर ठेवला. त्या लहान मुलीचा अर्धा दंड.

"ही हमामुल-अलील गावची पोरगी," ती म्हणाली. "तिची आई तीनदा आली. तिसऱ्यांदा मला म्हणाली, तुला माझ्या मुलीचा राग आहे का? मी रात्रभर विचार करायचे, माझं काय चुकतंय. माप चुकलं का, वायर हलली का, माझा हात लागला का. साहेब, तुम्हाला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तुमच्यासमोर उभी राहून माफी मागत होते आणि तुम्ही ती घेत होतात."

डॉक्टरांनी ठोकळा खाली ठेवायला टेबलावर जागा शोधली. मिळाली नाही. ते ठोकळा धरूनच बसून राहिले. काळ्या सुटावर पांढरी भुकटी पसरली.

"डबा नेलात ती चोरी," धन्नून म्हणाला. "चोर मी पुष्कळ बघितले, त्यांच्याबरोबर चहा प्यायलोय. पण चोरी आपण करायची, तिचं ओझं एका पोरीच्या डोक्यावर द्यायचं आणि त्याच चोरीमुळे अडलेली माणसं आपल्या दुकानात वळवायची, यासाठी वेगळीच कातडी लागते. उद्या डबा इथे पाहिजे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा ड्रायव्हर प्लास्टिकच्या पिशवीत डबा घेऊन आला. वसनने पिशवीला हात लावला नाही.

"ज्याने नेला त्याने आणावा," ती म्हणाली.

दुपारी डॉक्टर आले. कोणी वाट सोडली नाही, त्यांना कुबड्यांमधून अंग चोरून यावं लागलं. वसनने डबा हातात तोलून बघितला, बसवला, स्क्रू आवळले. इदरीस क्लिनिक सोडून इकडे परत आला होता, त्याचाच ठोकळा पहिला लागला. पातं फिरलं, चित्र फिरलं, आणि सगळे बघत असताना मांडी वरपासून खालपर्यंत पुरी कोरून निघाली.

"आता झालं समाधान?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," वसन म्हणाली आणि पुढचा ठोकळा लावला.

संचालनालयाने समिती नेमली. वसनचं काम परत सुरू झालं, तिच्यावरचा ठपका मात्र कागदावर तसाच राहिला. डॉक्टर रजेवर गेले, आणि ती रजा लांबत राहिली. केंद्राला कुलूप लागलं नाही. देणगीदारांना वसनने आणि सरमदने मिळून पत्र लिहिलं. पत्रात काय लिहायचं यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि भांडून झाल्यावर पत्र चांगलं उतरलं.

समितीकडून धन्नूनला फोन आला. बोलणारा कारकून गोड होता. काका, तुम्ही त्रास घेऊ नका, जबाबासाठी आम्हीच माणूस घरी पाठवू. माणूस आला नाही. पुन्हा फोन केला तर साहेब दौऱ्यावर होते. पुन्हा केला तर फाईल वर गेली होती.

मार्चमध्ये धन्नूनचा पाय तयार झाला. नवी खोळ काचत होती. वसनने बजावलं होतं की पहिले काही दिवस घरातल्या घरात चालायचं, जिने चढायचे नाहीत. त्याने ऐकून घेतलं, कोट चढवला आणि संचालनालयात गेला. लिफ्ट बंद होती. कठड्याला धरून, घामाने डबडबत, तो वरच्या मजल्यावर पोचला आणि कारकुनाच्या टेबलासमोर उभा राहिला.

कारकुनाने नाव ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "काका, ते प्रकरण आता मिटल्यात जमा आहे. डबा परत आला, कोणाची तक्रार राहिली नाही. तुम्हालाही पाय मिळाला ना?"

"मिळाला," धन्नून म्हणाला. "म्हणून तर आलो."

"बरं, बसा तरी."

"नको. कोरा कागद घे. पोरीचं पूर्ण नाव आधी लिही, आणि तिने काही केलं नव्हतं हे पहिल्या ओळीत लिही. बाकीचं मी उभ्याने सांगतो."